विमा नसलेल्या शेतकऱ्यास सरकारी मदत : कृपा की कर्तव्य?

अतिवृष्टीने पीक गेले म्हणजे सरकारने मदत जाहीर करावी, गावकामगारांनी पंचनामे करावेत, काही महिन्यांनी काही रुपये खात्यावर जमा व्हावेत आणि पुढील पावसाळ्यापर्यंत सर्वांनी तो विषय विसरून जावा, हा क्रम आपल्या राज्यात आता अंगवळणी पडला आहे. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत या क्रमात एक नवा प्रश्न उपस्थित झाला आहे व तो बांधाबांधावर विचारला जात आहे. ज्याने पैसे भरून पिकाचा विमा उतरविला त्यास आणि ज्याने तो उतरविला नाही त्यास सरकारने एकाच मापाने मदत द्यावी काय? ज्याने हप्ता भरला तो म्हणतो, ‘मग मी शहाणपणा करून काय मिळविले?’ ज्याने भरला नाही तो म्हणतो, ‘पाऊस काय माझी पावती पाहून पडला?’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच या प्रश्नाचा रागलोभ बाजूस ठेवून विचार होणे अवश्य आहे.

प्रथम अलीकडील हकीकत ध्यानात घेऊ. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात, सोलापूर जिल्ह्यात व इतरत्र झालेल्या अतिवृष्टीने व पुराने राज्यातील सुमारे ६८ लाख हेक्टरांवरील पिकांचे नुकसान झाले. ता. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीत कोरडवाहू पिकास हेक्टरी ८,५०० रुपये, हंगामी बागायतीस १७,००० रुपये व बहुवार्षिक पिकांस २२,५०० रुपये हे ठरीव दर कायम ठेवून त्यांत रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर तयारीसाठी हेक्टरी १०,००० रुपयांची भर घातली आणि मर्यादा तीन हेक्टरांपर्यंत नेली. ज्यांनी विमा उतरविला होता त्यांस विम्यापासून हेक्टरी सुमारे १७,००० रुपये अधिक मिळतील, असा अंदाजही त्या वेळी सांगण्यात आला. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस अवकाळी पाऊस कोकणात उतरला आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात शहापूर, मुरबाडकडे कापून पसरलेले भात चिखलात भिजून गेले. भातास पाण्यात कोंब फुटणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता या मदतीचे मूळ कोठे आहे ते पाहू. पीक बुडालेल्या रयतेस राज्याने हात देणे ही विम्याच्या पुष्कळ आधीची गोष्ट आहे. इंग्रजी अमलात १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर दुष्काळ-संहिता तयार झाल्या. १८८३ साली जमीन सुधारणा कर्जाचा व १८८४ साली शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा झाला आणि तगाई हा शब्द घरोघर गेला. पीक किती आणे आले यावरून सारा तहकूब करावा की माफ करावा हे ठरत असे. १९१८ सालच्या खेडा सत्याग्रहातील वाद मुळात हाच होता, की पीक चार आण्यांहून कमी आले की नाही. आणेवारीची पुढे पैसेवारी झाली, तगाईच्या जागी अनुदान आले, साऱ्याचे महत्त्व उरले नाही. पण तत्त्व तेच राहिले. ते तत्त्व असे, की जमीन पुढील पेरणीपर्यंत कसणाऱ्याच्या हाती टिकून राहावी आणि त्यासाठी लागेल तेवढा आधार राज्याने द्यावा.

विम्याची कल्पना यापेक्षा निराळी आहे. म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० साली पर्जन्यमानावर आधारलेल्या पीकविम्याची योजना ग्रंथरूपाने मांडली होती. स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली असे प्रतिपादिले, की प्रत्येक शेत मोजण्याच्या भानगडीत न पडता एका प्रदेशाचे सरासरी उत्पन्न प्रमाण धरावे व ते कमी आल्यास त्या प्रदेशातील सर्व विमेदारांस भरपाई द्यावी. याच धोरणावर १९७९ चा प्रायोगिक विमा, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना अशी परंपरा चालत आली. म्हणजे देशातील पीकविम्याची घडी एका मराठी अर्थशास्त्रज्ञाच्या विचारावर बसलेली आहे, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. पण तिच्यातील मर्यादाही आपणच ओळखल्या पाहिजेत.

मदत व विमा यांतील भेद शब्दांतच आहे. आपत्ती-निधीतून जी रक्कम मिळते तिला लोक नुकसानभरपाई म्हणतात; परंतु सरकारी निकषांत तिचे नाव निविष्ठा अनुदान असे आहे. बी, खत, मशागत यांवर झालेल्या खर्चाचा काही अंश, एवढाच तिचा अर्थ. पीक ३३ टक्के वा अधिक बुडाले असेल तरच ती मिळते; २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविलेला कोरडवाहू दर हेक्टरी ८,५०० रुपये. हा आकडा मोठा दिसतो, पण आपल्या जिल्ह्यात जमीन हेक्टरांत नव्हे, गुंठ्यांत मोजली जाते. हिशेब केला तर गुंठ्यास सुमारे ८६ रुपये पडतात. ज्याचे वीस गुंठे भात बुडाले त्याच्या हाती १,७२० रुपये येणार. एवढ्यात लावणीच्या मजुरांचे दोन-तीन दिवसही निघत नाहीत. ‘फुकटची मदत मिळते म्हणून शेतकरी विमा उतरवीत नाही’ असे शहरातील पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणतात, त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. सतराशे रुपयांच्या आशेने कोणीही आपले भात पाण्यात सोडीत नाही.

आमच्या मते खरा दोष मदत देण्यात नाही. ती दरवेळी निराळ्या मापाने देण्यात आहे. गेल्या काही वर्षांचे कोरडवाहू दर पाहा. २०१९ च्या परतीच्या पावसानंतर राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी खरीप पिकास हेक्टरी ८,००० रुपये दोन हेक्टरांपर्यंत जाहीर केले. २०२० व २०२१ साली १०,००० रुपये झाले. २०२२ साली तेव्हाच्या ६,८०० रुपयांच्या केंद्रीय दराची दुप्पट करून १३,६०० रुपये व मर्यादा तीन हेक्टर झाली. २०२३ च्या मार्चात दर ८,५०० रुपयांवर आला. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा १३,६०० रुपये व तीन हेक्टर. मे २०२५ मध्ये पुन्हा ८,५०० रुपये व दोन हेक्टर. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावर १०,००० रुपयांची भर व पुन्हा तीन हेक्टर. सहा वर्षांत इतक्या वेळा माप बदलले. पाऊस लहरी आहे हे आपण जाणतो. परंतु पावसाच्या लहरीवर उतारा म्हणून जे दिले जाते, तेही लहरी असावे हे योग्य नव्हे. ज्यास जूनमध्ये पेरणी करताना ठाऊक नाही, की पीक गेल्यास आपल्यास आठ हजार मिळतील की अठरा, तो विमा उतरविण्याचा निर्णय कोणत्या आधारावर घेणार? सावकाराशी, सोसायटीशी, मजुराशी बोली कोणत्या भरवशावर करणार? ज्या वर्षी आपत्ती मोठ्या प्रदेशावर येते व तिचा गवगवा होतो त्या वर्षी दर वाढतो. ज्या वर्षी ती दोन-चार महसूल मंडळांपुरती असते त्या वर्षी मूळ दरावरच समाधान मानावे लागते. ज्या शेतकऱ्याचे शेत वाहून गेले त्याचे नुकसान मात्र दोन्ही वर्षी सारखेच असते. याच कारणाने आम्ही म्हणतो की मदतीचे माप गवगव्यावर नव्हे, नुकसानीवर ठरले पाहिजे.

आता विम्याकडे वळू. विमा न उतरविणारा शेतकरी बेफिकीर आहे, हा आक्षेप मान्य करण्यापूर्वी त्यास जो विमा देऊ केला गेला तो कसा होता हे तपासले पाहिजे. २०१६ च्या योजनेत शेतकऱ्याचा हप्ता खरिपास विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीस दीड टक्का व नगदी पिकांस ५ टक्के असा आहे. बाकीचा भार केंद्र व राज्य उचलतात. प्रारंभी कर्जदार शेतकऱ्यांस ही योजना सक्तीची होती. २०२० च्या खरिपापासून ती ऐच्छिक झाली. २०२३ च्या खरिपापासून आपल्या राज्याने शेतकऱ्याचा हिस्सा स्वतः भरण्याचे ठरवून केवळ एक रुपया घेतला, आणि त्या खरिपात दीड कोटीहून अधिक अर्ज आले. परंतु त्याबरोबर बनावट अर्जांचेही पीक आले. न पेरलेल्या शेतावर, पडीक व सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर विमे उतरविले गेले. अखेर एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने एक रुपयाची योजना बंद करून पूर्वीचे टक्के पुन्हा लागू केले.

येथवर तक्रारीस जागा नाही. ज्यास किंमत नाही त्याची कदर नसते, हे एक रुपयाच्या अनुभवाने सिद्ध केले आणि लबाडांमुळे प्रामाणिक विमेदार बदनाम झाला. परंतु त्याच वेळी सरकारने दुसराही एक निर्णय घेतला व त्याची चर्चा फारशी झाली नाही. स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचे नुकसान यांसाठी जी जादा संरक्षणे पूर्वी विम्यात होती, ती २०२५ च्या खरिपापासून काढून टाकण्यात आली आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यावर ठेवण्यात आली. म्हणजे हप्ता एक रुपयावरून शेकड्यात गेला व त्याच वेळी संरक्षण मात्र आखडले. अशा स्थितीत विमेदारांची संख्या घटली, यात आश्चर्य ते कोणते?

आपल्या भातशेतीस या बदलाचा अर्थ काय झाला तो पाहा. ठाणे जिल्ह्यातील भातावर मुख्य संकटे दोन. एक, जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी व खाडीकाठी पाणी तुंबून आवण कुजणे. दुसरे, ऑक्टोबरात कापलेले भात शेतात पसरलेले असता किंवा भारे बांधून उडवी रचण्यापूर्वी पाऊस पडणे. पहिल्या संकटापैकी भातातील पाणी तुंबणे हे स्थानिक आपत्तीच्या यादीतून केंद्रानेच २०१८ साली वगळले होते. दुसरे संकट काढणीनंतरच्या नुकसानीत मोडते व ते २०२५ साली राज्याने वगळले. मग त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस ज्याचे कापलेले भात भिजले, त्यास ‘तू विमा का उतरविला नाहीस’ असे कोणत्या तोंडाने विचारावे? त्याने विमा उतरविला असता तरी त्या नुकसानीबद्दल त्यास स्वतंत्र दावा करता आला नसता.

प्रदेश-सरासरीच्या पद्धतीचीही अडचण आपल्या भागात विशेष आहे. आपल्याकडे महसूल मंडळ हे विम्याचे एकक धरतात. गेल्या सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांच्या सरासरीवरून उंबरठा उत्पन्न काढतात आणि मंडळातील प्रयोगांची सरासरी त्याखाली आली तरच भरपाई मिळते. विदर्भातील सपाट मंडळात पाऊस सर्वांवर जवळजवळ सारखा कोसळतो. पण आपल्याकडे एकाच मंडळात नदीकाठची मळई, मधली भातखाचरे आणि वरचे वरकस अशी तीन प्रकारची जमीन असते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, ही गोष्ट साऱ्या देशास ठाऊक झाली. अशा पुरात काठावरची खाचरे गाळाने भरून जातात, तर मैलभर अंतरावरच्या उंच खाचरांत त्याच पावसाने पीक उत्तम येते. सरासरी काढली की बुडालेला आणि तरलेला दोघे मिळून ‘बरे’ ठरतात. खोलगट जमीन कसणाऱ्यास हे अनुभवाने कळलेले असते. म्हणून तो हप्ता भरण्यास कचरतो. यात आळस नाही, हिशेब आहे.

भरपाई मिळाली तरी ती कशी मिळते, याचेही उदाहरण शेजारी आहे. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात २०२५ साली एका शेतकऱ्याच्या खात्यावर विम्यापोटी २ रुपये ३० पैसे जमा झाल्याचे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले व त्यावरून मोठी ओरड झाली. केंद्रीय कृषिमंत्र्यांनीही अशा क्षुल्लक रकमांबद्दल नाराजी प्रकट केली. ज्या विम्याचे नाव घेताच गावात हशा पिकतो, तो विमा उपदेशाने वाढणार नाही.

यावर असे विचारले जाईल, की मग विमा नकोच काय? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. राज्याची मदत ही पुढील पेरणीपुरती आहे. गेलेले उत्पन्न भरून काढणे तिला शक्य नाही व तशी अपेक्षाही रास्त नव्हे. समजा, एखाद्या पिकाची विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ६०,००० रुपये आहे. शेतकऱ्याचा हप्ता १,२०० रुपये होईल. पीक निम्मे गेले व विमा प्रामाणिकपणे चालला, तर जी रक्कम येईल ती आपत्ती-निधीच्या दरापेक्षा पुष्कळ मोठी असेल. मदत ही बुडत्यास काठी आहे आणि विमा ही नाव आहे. काठी आहे म्हणून नाव नको असे म्हणणे चूक, तसेच नाव बांधायची आहे म्हणून काठी काढून घेणे हेही चूक. आणि नावेस भोक असताना तीत बसत नाही म्हणून बुडणाऱ्यास दोष देणे तर सर्वांत मोठी चूक.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त झाल्यावर १९३८ साली सरकारी पीकविमा सुरू झाला. १९८० साली व पुन्हा १९९४ साली तेथील कायदेमंडळाने ठरविले, की विमा वाढवावा म्हणजे प्रसंगानुरूप मदत देण्याचे कारण राहणार नाही. परंतु १९९८ पासून संकट आले की विशेष मदत, हा क्रम पुन्हा चालू झाला; डिसेंबर २०२४ च्या कायद्यानेही नैसर्गिक आपत्तींत सापडलेल्या शेतकऱ्यांसाठी व पशुपालकांसाठी सुमारे २१ अब्ज डॉलर मंजूर झाले. एवढ्या धनाढ्य देशासही विमा नसलेल्या शेतकऱ्याकडे पाठ फिरविता आलेली नाही. मात्र त्यांनी दोन गोष्टी केल्या आहेत व त्या विचारात घेण्याजोग्या आहेत. ज्या पिकांस विमाच मिळत नाही त्यांच्यासाठी स्वतंत्र मदत-योजना ठेवली आहे. आणि विमा नसता मदत घेणाऱ्यावर पुढील दोन वर्षे विमा उतरविण्याची अट घातली आहे. म्हणजे आज मदत नाकारायची नाही. पण उद्यासाठी शिस्त लावायची.

ही अट आपल्याकडे जशीच्या तशी आणावी असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेतील शेतकऱ्याची जमीन शेकडो एकर व आपली काही गुंठे. परंतु तीमागील विवेक घेण्यासारखा आहे. त्या अनुरोधाने आमच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली सूचना अशी, की मदतीचा दर, हेक्टरांची मर्यादा व वाटपाची मुदत ही तिन्ही पाच वर्षांसाठी आगाऊ ठरवावीत व दर वर्षी मे महिन्यात गावचावडीवर लावावीत. आपत्तीनंतर केवळ दराची घोषणा होऊ नये, दिलेल्या पैशांची व्हावी. हा दर विमा असलेल्यास व नसलेल्यास एकच असावा, कारण तो पेरणीचा आधार आहे, शहाणपणाचे बक्षीस नव्हे. दर हेक्टरी असला तरी अर्ध्या एकराखालील धारकास किमान किती मिळावे, याचाही नव्याने विचार व्हावा; सध्याच्या केंद्रीय निकषांतील कोरडवाहू पिकासाठी १,००० रुपयांची किमान रक्कम आजच्या महागाईत पुरेशी नाही.

दुसरी सूचना विमेदारासाठी. ज्या मंडळात सरकार स्वतः आपत्ती मान्य करून मदत वाटते, पण विम्याचा उंबरठा ओलांडला जात नाही, तेथे विमेदाराने भरलेला हप्ता तरी त्यास परत मिळावा. एकाच शेतास एक खाते बुडालेले म्हणते व दुसरे तरलेले म्हणते, या विसंगतीचा भुर्दंड ज्याने नियम पाळला त्याच्यावर पडू नये. एवढे झाले तरी ‘मी शहाणपणा करून काय मिळविले’ या प्रश्नास उत्तर मिळेल आणि त्यासाठी शेजाऱ्याच्या तोंडचा घास काढावा लागणार नाही.

तिसरी सूचना भातासाठी. रानटी जनावरांचा उपद्रव व भातात पाणी तुंबणे ही दोन्ही २०२६ च्या खरिपापासून विम्याच्या कक्षेत घेण्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. शहापूर, मुरबाडच्या डोंगरकडेस रानडुकरांनी पोळलेल्यांस व उल्हास, काळू, भातसा यांच्या काठच्यांस ही गोष्ट मोलाची आहे. परंतु केवळ केंद्राच्या घोषणेवर विसंबून चालणार नाही. राज्याच्या अधिसूचनेत आपल्या जिल्ह्याचे व पिकाचे नाव येते की नाही, याकडे आपल्या लोकप्रतिनिधींनी व शेतकरी संस्थांनी दर वर्षी लक्ष दिले पाहिजे. काढणीनंतरचे संरक्षणही कोकणच्या भातासाठी परत मिळविले पाहिजे. यासाठी हप्ता थोडा वाढला तरी तो देण्यास विचारी शेतकरी मागे राहणार नाही.

एवढे झाल्यावर चौथी सूचना. दोन हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्या खातेदाराने विमा नसता मदत घेतली, तर पुढील दोन हंगाम त्याने विमा उतरविलाच पाहिजे, अशी अट सरकारने खुशाल घालावी. लहान धारकांवर ती घालू नये. मात्र विमा आधी सुधारावा व अट मागाहून यावी.

पशुपालकांची गोष्ट स्वतंत्र आहे. पुरात दुधाळ गाय-म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये व ओढकामाच्या जनावरास ३२,००० रुपये असा दर आहे. पूर्वी मोठ्या दुधाळ जनावरांस तीनाची मर्यादा होती, ती राज्याने ऑक्टोबर २०२५ च्या योजनेत काढली, हे योग्यच झाले. परंतु चांगल्या दुधाळ म्हशीची किंमत आज लाखाच्या घरात गेलेली आहे आणि कल्याण-भिवंडीकडील पुष्कळ गोठेवाल्यांची जनावरे विम्याविना आहेत. शिवाय वाहून गेलेल्या जनावराचे प्रेत सापडले नाही तर पंचनामा अडतो. कानातील बिल्ल्याची नोंद हाच पुरावा मानावा, आणि गोठेवाल्यांनीही तो बिल्ला टाळू नये.

आता एक गोष्ट आपल्याच वर्गाविषयी. गावदेवीच्या मैदानाचे नाव नौपाड्यास अजून आपल्या गावपणाची आठवण देते. परंतु तेथील शेते इमारतींखाली गेली त्यास काळ लोटला. आज नौपाड्यात राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची जमीन मुरबाड, शहापूर, भिवंडीकडे आहे. सातबाऱ्यावर नाव त्यांचे, आणि नांगर दुसऱ्याचा. अर्धेलीने किंवा तोंडी खंडाने कसणारा बी, राब, मजुरी स्वतः करतो. पीक बुडाले म्हणजे पंचनामा सातबाऱ्याच्या नावे होतो आणि अनुदान गोखले रोडवरील बँकेच्या शाखेत येते. १९४८ च्या कुळकायद्याच्या व १९५७ च्या कृषकदिनाच्या आठवणीने धारक लेखी करार करण्यास भितात आणि त्या भीतीमुळे कसणाऱ्याचे नाव कोठेच लागत नाही. विम्याच्या योजनेत करार असलेल्या भाडेपट्टेदारास भाग घेता येतो. पण कराराविना तो दारही बंद.

विमा नसलेल्यांत अशीही माणसे आहेत, हे आपण विसरतो. सरकारने अल्पमुदतीच्या नोंदणीकृत कराराने कुळहक्क उत्पन्न होणार नाही अशी स्पष्ट तरतूद करावी, ही मागणी रास्त आहे. परंतु ती पूर्ण होईपर्यंत आपल्यास काही करता येणार नाही असे नाही. पीक बुडाल्याबद्दलचे अनुदान हे ज्याने खर्च केला त्याचे आहे. ते खात्यावर आले की वाट्याच्या प्रमाणात त्यास देणे हे प्रत्येक जमीनधारकाचे कर्तव्य आहे. सरकारने विमा नसलेल्यास मदत नाकारू नये असे आपण म्हणायचे आणि आपल्या हाती आलेली मदत बिनविम्याच्या कसणाऱ्यास नाकारायची, हे एकाच तोंडाने शोभत नाही. नाव लागले नाही म्हणून त्याचे नुकसान कमी होत नाही.

शेवटी, संस्थांनी व शेतकऱ्यांनी या हंगामात करावयाची कामे थोडक्यात सांगतो. ई-पीक पाहणीत आपल्या पिकाची नोंद मुदतीत करावी. नोंद नसलेल्या पिकास मदतही नाही आणि विमाही नाही. सामाईक खात्यात भाऊबंदांची संमतिपत्रे आपत्तीपूर्वीच घेऊन ठेवावीत. पूर ओसरल्यावर मुंबई-पुण्याच्या भावांस शोधीत फिरण्याची पाळी आणू नये. पीक कापणी प्रयोग कोणत्या गटात व कोणत्या दिवशी आहे हे विचारून गावातील दोन जाणत्यांनी तेथे हजर राहावे, कारण साऱ्या मंडळाची भरपाई त्या चार-दोन प्रयोगांवर ठरते. मंडळातील पर्जन्यमापक यंत्र कोठे आहे व चालू आहे की नाही, हेही पाहून ठेवावे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांवर पाऊस झाल्याची नोंद तेथेच होते, आणि बंद यंत्रात कितीही मुसळधार पाऊस पडला तरी सरकारदरबारी तो पडलेला नसतो. नुकसान झाल्यास छायाचित्रे तारखेसह घ्यावीत व अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून परतू नये.

सरकार मदत देते ती कृपा नव्हे. ज्या समाजास स्वस्त तांदूळ, भाजी व दूध हवे आहे, त्याने ते पिकविणाऱ्याच्या जोखमीचा काही वाटा उचलणे हा सरळ व्यवहार आहे. परंतु हक्क सांगणाऱ्याने आपला हिशेबही चोख ठेवला पाहिजे. सरकारने माप एक ठेवावे, विम्याने शब्द पाळावा आणि धारकाने कसणाऱ्याचा वाटा त्याच्या हाती द्यावा. या तीन गोष्टी झाल्या, तर विमा असलेला व नसलेला हा बांधावरचा तंटा आपोआप मिटेल. आणि त्या झाल्या नाहीत, तर योजना कितीही कोटींची असो, वीस गुंठेवाल्याच्या पदरी पुढल्या ऑक्टोबरातही कोंब फुटलेले भातच राहील.